घरातली प्रार्थना: देवाला ऐकवायची की पोरांना?

निळी_छत्री

बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, म्हटलं लिहूनच टाकावं. लांबण लागेल, आधीच सांगते.

आमचं ख्रिस्ती घर. नवरा, मी, सासूबाई, लेक नववीत आणि धाकटा दुसरीत. रात्री झोपायच्या आधी सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची हे लग्न झाल्यापासून चालत आलेलं. एक शास्त्रपाठ, एखादं गीत, मग पाळीपाळीने कुणीतरी प्रार्थना चालवतं आणि शेवटी सगळे मिळून प्रभूची प्रार्थना. असं लिहिलं की फार छान वाटतं हो. प्रत्यक्षात धाकटा सोफ्यावर उलटा लटकलेला असतो, लेकीचा फोन उशीखाली थरथरत असतो, नवऱ्याला जांभया आणि माझं अर्धं लक्ष उद्याच्या गणवेशाला इस्त्री झालीय की नाही यात.

तर परवा सासूबाईंची पाळी होती. एरवी त्यांची प्रार्थना ऐकत राहावी अशी असते, वचनं तोंडपाठ आहेत त्यांना. पण त्या संध्याकाळी त्यांची आणि नातीची फोनवरून चांगलीच जुंपली होती. आणि प्रार्थनेत त्या म्हणाल्या, "हे प्रभू, या लेकराला मोठ्यांना उलट न बोलण्याची बुद्धी दे, आणि त्या मोबाइलच्या बंधनातून तिला सोडव." लेकीने डोळे उघडले आणि अगदी शांतपणे विचारलं, "आजी, हे तू देवाला सांगतेयस का मला?"

सगळे गप्प. धाकटा खुदकन हसला. नवऱ्याने घाईघाईत आमेन म्हणून टाकलं आणि प्रभूची प्रार्थना त्या दिवशी राहूनच गेली.

उद्धटपणा झाला का? झाला. पण प्रश्न बरोबर होता असं मला तेव्हाही वाटलं आणि आत्ताही वाटतंय. आपल्या घरांमधून प्रार्थनेत टोमणे मारायची फार जुनी सवय आहे. पोरांना अभ्यासाची गोडी लाव, घरच्या माणसाला वेळेवर घरी यायची आठवण दे, सूनबाईला सहनशीलता दे... आणि समोरच्याला उत्तर देता येत नाही, कारण डोळे मिटलेले आणि मध्ये बोलणं म्हणजे देवाचाच अपमान. म्हणजे भांडणात आपलं म्हणणं मांडून झालं, वर समोरच्याचं तोंडही बंद. फार सोयीचं आहे हे, त्यातून देवाचं नाव असल्यामुळे आपल्याला वाईटही वाटत नाही.

बायबलमध्ये लूकच्या अठराव्या अध्यायात परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणारा यहूदी) आणि जकातदाराचा (कर गोळा करणारा, लोकांच्या लेखी पापी) दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली गोष्ट, आहे बघा. परूशी मंदिरात उभा राहून देवाचे आभार मानतो की मी इतरांसारखा नाही, या जकातदारासारखाही नाही. तो दाखला स्वतःला नीतिमान समजणाऱ्यांसाठी सांगितला होता हे माहितीये मला, पण आता वाचताना वेगळंच खटकतं, की माणूस बोलतोय देवाशी आणि बोट मात्र शेजारच्याकडे.

याच्या उलट एक सांगते. मध्यंतरी नवऱ्याच्या नोकरीचं काही खरं नव्हतं, तेव्हा एका रात्री त्याने प्रार्थनेत सरळ म्हटलं की प्रभू, मला भीती वाटतेय, काय करावं सुचत नाहीये. बास एवढंच. त्याआधी मुलांसमोर तो असं कधी बोलला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी बुटाची लेस बांधता बांधता धाकट्याने विचारलं, "बाबा, भीती गेली का?" तो म्हणाला, "थोडी." "मग आज परत सांगू या," असं म्हणून हा गेला शाळेत. संडेस्कूलमध्ये एवढी वर्षं जे शिकवलंय ते त्याला त्या दिवशी कळलं असावं असं मला वाटतं.

तर माझं मत असं झालंय की घरातल्या प्रार्थनेत मोठ्यांनी आपलं सांगावं, आपली भीती, आपला राग, आपले आभार, आणि मुलांना जे सांगायचंय ते डोळे उघडे ठेवून तोंडावर सांगावं. तुमच्याकडे काय चालतं? आणि चौदा-पंधराच्या मुलांना बसायची सक्ती करता का?

---

रविवारची_घाई

अगं बाई, "मोबाइलच्या बंधनातून सोडव" वाचून फुटले मी 😀 आमच्याकडे तर प्रार्थना म्हणजे सूचनाफलक असतो, उद्या अमक्याची परीक्षा, तमक्याने दाखला आणायचाय, देवाला सगळं वेळापत्रक पाठ झालं असेल एव्हाना.

सक्तीचं विचारलंस तर माझं अजून ठरत नाही. रविवारी सकाळी तिघांना उठवून, आंघोळी उरकून, एकाचा मोजा शोधून उपासनेला वेळेत पोचायचं, तिथे जाऊन बसले की मी इतकी दमलेली असते की संदेश सुरू झाला की डोळे मिटायला लागतात, आणि लोकांना वाटतं केवढी तल्लीन झालीय.

जाता जाता, आम्हाला कायम सांगतात, बायबलमधल्या त्या दोघी बहिणींपैकी मार्थासारखी धावपळ करू नका, मरीयेसारखं प्रभूच्या पायाशी बसा. कबूल. पण योहानाच्या अकराव्या अध्यायात त्यांचा भाऊ लाजर गेल्यावर प्रभूला भेटायला घराबाहेर धावली ती मार्थाच, आणि "आपण ख्रिस्त, देवाचे पुत्र आहात" असं ठणकावून म्हणणारीही तीच. महिला सभेत हा भाग कुणी घेत नाही.

---

जुना_पिंपळ

धागा वाचला. निळी_छत्री ताई, आपला मुद्दा समजला पण पूर्ण पटला नाही. नातीसाठी आजीने प्रार्थना करायची नाही तर कुणी करायची? "मुलाच्या स्थितीस अनुरूप असे शिक्षण त्याला दे" असं नीतिसूत्रांत आहे. आणि प्रेषित पौल तर बायबलमधल्या आपल्या पत्रांतून ख्रिस्ती मंडळ्यांना उघड लिहून कळवतो की मी तुमच्यासाठी अमुक अमुक मागतो. इफिसकरांस पत्राचा पहिला अध्याय बघा, फिलिप्पैकरांस बघा. ज्याच्यासाठी प्रार्थना करतो त्याला ती ऐकू गेली तर त्यात गैर काय? उलट मुलीला कळेल की आजीला काळजी आहे.

आजकाल मुलांच्या भावना दुखावतील म्हणून मोठ्यांनीच जपून बोलायचं ही नवीन पद्धत आहे. आम्हाला विचारलं असतं तुला बसायचंय का म्हणून, तर आमच्यापैकी एकही बसला नसता.

---

निळी_छत्री

@जुना_पिंपळ काका, पौलाचा मुद्दा भारी काढलात, मी उठून बायबल उघडलं. पण बघा ना, फिलिप्पैकरांना तो आधी म्हणतो की तुमची आठवण होते तेव्हा मी देवाचे आभार मानतो, आणि मग मागतो काय, तर तुमची प्रीती वाढत जावो. हे ऐकायला कुणाला आवडणार नाही? आणि जेव्हा त्याला खरंच रागवायचं होतं, गलतीकरांवर, तेव्हा नेहमीचं आभार मानणंसुद्धा गाळून टाकलं आणि पुढे सरळ "अहो बुद्धिहीन गलतीकरांनो" म्हणून मोकळा झाला. राग पत्रात काढला त्याने, प्रार्थनेत घालून नाही पाठवला. माझं म्हणणं एवढंच आहे.

आजीने प्रार्थना जरूर करावी. आमच्या सासूबाई पहाटे आपल्या खोलीत दार लावून करतातच, त्यात नातीचं नाव असतंच असणार. मत्तयाच्या सहाव्यात तेच तर सांगितलंय, खोलीत जा, दार लाव.

---

कापूस_ढग

आम्ही कॅथलिक, आमच्याकडे रोझरी, म्हणजे जपमाळेवर म्हणायच्या ठरलेल्या प्रार्थना. आणि हा धागा वाचताना पहिल्यांदाच जाणवलं की रोझरीत टोमणा मारायला जागाच नाही! शब्द ठरलेले, दशकात, म्हणजे दहा मण्यांच्या गटात, दहा वेळा तेच, पाच दशकं, कुणीही चालवली तरी तीच. पोरं कंटाळतात हे खरं, पण कुणी कुणाला सुनावलं असं होत नाही. माझ्या मुलाला रहस्यं (प्रत्येक दशकात मनन करायचे येशू-मरीयेच्या आयुष्यातले प्रसंग) पाठ करायला आवडतं, पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये प्रकाशाची रहस्यं जोडली आणि तो दर गुरुवारी आजोबांना विचारतो की तुमच्या लहानपणी ही नव्हती ना, मग गुरुवारी तुम्ही काय म्हणायचात.

हां, पण खरं सांगू का, माणूस पळवाट काढतोच. सुरुवातीला हेतू सांगतात ना, तिथे माझी जाऊबाई "हे दशक दादाच्या अभ्यासासाठी" म्हणते आणि दादाकडे असं बघते की बास.

---

निळी_छत्री

😂😂 हेतूमध्ये घुसवला तर!

ठरलेल्या शब्दांचा फायदा मलाही पटायला लागलाय. प्रोटेस्टंट सुधारक मार्टिन ल्यूथरने १५२९ मध्ये जी लहान प्रश्नोत्तरी काढली, ती घरच्या कर्त्याने आपल्या माणसांना शिकवावी म्हणूनच लिहिली होती. त्यात रात्रीची प्रार्थना चार-पाच ओळींची आहे आणि शेवटी सूचना काय, तर मग आनंदाने लगेच झोपी जा. मला ते लगेच फार आवडलं. आमच्याकडे प्रार्थना संपल्यावर अर्धा तास वादावादी चालते कोण कुठे झोपणार यावर.

---

पाळकाचा_मुलगा

नावावरून कळलंच असेल. सक्तीबद्दल मी बोलू शकतो, कारण आमच्याकडे सक्तीच होती आणि वर पाहुणे आले की मला उभं करून मोठ्याने प्रार्थना करायला लावायचे. मी ती इतकी उत्तम करायला लागलो की लोक म्हणायचे हा बापाच्या वर जाणार. आवाज कुठे बारीक करायचा, कुठे थांबायचं, सगळं जमायचं मला आणि आत काहीच नसायचं. घराबाहेर पडलो तसं सगळं सोडलं, बरीच वर्षं सोडलं.

पण एक गोष्ट वडिलांनी केली त्याबद्दल मी आजही ऋणी आहे. ते बायबलमधली स्तोत्रं क्रमाने वाचायचे, रोज एक, पहिल्यापासून दीडशेपर्यंत, काहीही न गाळता. त्यामुळे अठ्ठ्याऐंशीवं पण यायचं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचा. त्यात शेवटी सुटका नाही, स्तुती नाही, ते अंधारावरच संपतं. लहानपणी मी विचारलं होतं, हे असं अर्धवट कसं? वडील म्हणाले, "अर्धवट नाहीये, एवढंच आहे." आणि पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी एकोणनव्वदावं.

पुढे माझा फार वाईट काळ आला तेव्हा पाठ असलेलं एकही गोड वचन उपयोगी पडलं नाही, मला राग यायचा त्यांचा. पण हे एक स्तोत्र बायबलमध्ये आहे, कुणीतरी ते काढून न टाकता ठेवलंय, एवढं डोक्यात होतं. परत आलो तो त्या वाटेने. त्यामुळे माझं मत, मुलांना बसवा पण बोलायला लावू नका. आणि निवडक गोड गोड वाचू नका.

---

रविवारची_घाई

@पाळकाचा_मुलगा तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. थँक्यू.

---

एकटी_वाट

माझी केस जरा वेगळी. नवरा ख्रिस्ती विश्वास मानणारा नाही. विरोध नाही त्याचा, पण त्याला यातलं काही नको असतं. मी मुलांच्या खोलीत त्यांच्यासोबत प्रार्थना करते. सुरुवातीला त्याने एकदा विचारलं होतं, "मुलांसमोर देवाकडे माझी तक्रार करतेस का?" तो अर्धा चेष्टेत होता पण अर्धा नव्हता. तेव्हापासून मी एक नियम केलाय, मुलांसोबतच्या प्रार्थनेत त्याचं नाव फक्त आभारासाठी घ्यायचं. बाबांनी आज सायकल दुरुस्त केली त्याबद्दल धन्यवाद, असं. बाकीचं जे आहे ते माझं माझं एकटीचं.

मला पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याच्या आईचा फार आधार वाटतो. युनीके विश्वास ठेवणारी यहूदी बाई आणि नवरा हेल्लेणी (ग्रीक), प्रेषितांच्या कृत्यांत सोळाव्या अध्यायात तेवढंच लिहिलंय. ती घरात कसं करत असेल, नवरा काय म्हणत असेल, काही नाही. पण पौल तीमथ्याला लिहिताना विश्वासाबद्दल नाव घेतो ते आजी लोईसचं आणि आई युनीकेचं.

आणि मोनिका, पुढे संत झालेल्या ऑगस्टिनची आई. तिचा नवराही कितीतरी वर्षं ख्रिस्ती नव्हता, आणि मुलगा ऑगस्टिन हाताबाहेर गेलेला. तिने एका बिशपांना गळ घातली की तुम्ही त्याच्याशी बोला, वाद घाला. ते म्हणाले, त्याला आहे तिथे राहू दे, तू फक्त त्याच्यासाठी प्रार्थना कर. ही तरी ऐकेना, रडतच राहिली, तेव्हा वैतागून म्हणाले की जा आता, एवढ्या अश्रूंचा मुलगा वाया जाणं शक्य नाही. स्वतः ऑगस्टिननेच लिहून ठेवलंय हे.

---

जुना_पिंपळ

मोनिकेचं उदाहरण आपण अर्धं सांगितलंत. तिने त्याला राहू दिलं वगैरे नाही. तो तिला फसवून रात्रीचा जहाजाने रोमला निघून गेला, तर ही बाई समुद्र ओलांडून मागे गेली, थेट मिलानपर्यंत. ३८७ साली त्याचा बाप्तिस्मा झाला तेव्हा ती तिथे हजर होती. पाठ सोडली नाही म्हणून झालं, असंही म्हणता येईल.

---

एकटी_वाट

हो काका, ते मान्य. पाठलाग केला तिने. माझ्यात तेवढा दम नाही :)

---

शाईचा_डाग

आईंचा विषय चाललाय तर सुझॅना वेस्लीचं नाव यायलाच हवं. मेथडिस्ट चळवळ उभी करणाऱ्या जॉन आणि चार्ल्स वेस्लीची आई, एकोणीस बाळंतपणं, त्यातली नऊ मुलं तान्हेपणीच गेली. तिचं नेहमी सांगतात ते म्हणजे डोक्यावरून एप्रन ओढून घ्यायची आणि मुलांनी समजायचं की आई प्रार्थनेत आहे. मला त्याहून आवडतं ते तिने नवऱ्याला १७१२ मध्ये लिहिलेल्या पत्रातलं, की आठवड्यातली एकेक संध्याकाळ तिने एकेका मुलासाठी ठेवली होती, त्या वेळी फक्त त्या मुलाशी बोलायचं. जॉनचा गुरुवार. मोठा झाल्यावर, ऑक्सफर्डला असताना, त्याने आईला लिहिलं की तो गुरुवारचा वेळ मला अजून दे.

पण या धाग्याशी जास्त संबंध असलेली गोष्ट वेगळीच आहे. नवरा सॅम्युएल घरच्या प्रार्थनेत इंग्लंडचा राजा तिसऱ्या विल्यमसाठी प्रार्थना करायचा. सुझॅनाच्या मते विल्यम खरा राजाच नव्हता, म्हणून ती त्या प्रार्थनेला आमेन म्हणायची नाही. त्याच्या हे लक्षात आलं, त्याने जाब विचारला, तिने सांगितलं की नाही म्हणणार. तर हा माणूस, धर्मगुरू असून, घर सोडून निघून गेला! काही महिने वेगळे राहिले ते. विल्यम १७०२ मध्ये वारला, पुढे समेट झाला, आणि १७०३ मध्ये जॉन जन्मला. म्हणजे मेथडिस्ट चळवळ एका न म्हटलेल्या आमेननंतर आली असं गमतीने म्हणता येईल.

---

निळी_छत्री

हे मला अजिबात माहीत नव्हतं, आत्ता नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणतो, मी त्या दिवशी सगळ्यांच्या वतीने आमेन म्हटलं ते बरं केलं.

लेकीचं आमच्याकडे काय ठरलं ते सांगते. तिने बसायचं, फोन बाहेर ठेवायचा, पण प्रार्थना चालवायची नाही आणि मनात नसेल तर आमेन म्हणायचं नाही. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "चालेल, मग मी तुला जे बोलायचं ते दुपारी बोलीन." आणि खरंच बोलतात, दुपारी, खणखणीत. लेकही उलट बोलते. दोघींची भांडणं वाढलीयेत सध्या, पण रात्री मात्र शांतता असते. मला हा सौदा बरा वाटतोय, नवऱ्याला अजून नाही.

---

ओली_माती

मी फक्त वाचते इथे, लिहीत नाही. पण विचारायचंय. माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. आजोबा आजारी होते तेव्हा त्याने रोज स्वतःहून प्रार्थना केली, कुणी सांगितलं नव्हतं. आजोबा गेले. आता तो बसतच नाही. म्हणतो मी सांगितलं होतं देवाला. भेटायला आलेल्या एका नातेवाइकांनी त्याला सांगितलं की विश्वास कमी पडला असेल. तेव्हापासून तर जास्तच. मी काय सांगू त्याला?

---

पाळकाचा_मुलगा

आधी त्या नातेवाइकांना लांब ठेवा. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत खुद्द प्रभूने मागितलं की हा प्याला माझ्यापासून दूर कर, आणि तो दूर झाला नाही. तिथे कुणाचा विश्वास कमी पडला होता? पौलाने शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनंती केली, काटा राहिलाच. हे त्या मुलाला सांगा, साध्या शब्दांत. आणि कारण देऊ नका. देवाला आजोबा हवे होते वगैरे तर मुळीच नको, मुलाला देवाचाच राग येईल आणि बरोबरच असेल ते.

---

निळी_छत्री

@ओली_माती अगं, किती वाईट वाटलं वाचून. त्याला बसवू नकोस सध्या. तेरावं स्तोत्र वाच त्याच्यासोबत जमलं तर, अगदी छोटं आहे, सुरुवातीलाच चार वेळा "कोठवर?" विचारलंय देवाला. देवावर चिडलेलं चालतं हे त्याला कळू दे.

ल्यूथरची तेरा वर्षांची मुलगी माग्दालेना १५४२ मध्ये गेली. एवढा मोठा शिकवणारा, पण त्याने मित्राला लिहिलं की आम्ही दोघांनी खरं तर आभार मानायला हवेत, पण रडल्याशिवाय ते जमतच नाही. मोठ्यांना जमलं नाही ते आठ वर्षांच्या पोराकडून कुठे मागायचं.

---

कापूस_ढग

आमच्याकडे गेलेल्या माणसांसाठी प्रार्थना करतात, त्यामुळे माझ्या मुलांना आजीसाठी रोज काहीतरी करता येतं, त्याचा फार आधार झाला त्यांना. ओली_माती, तुम्ही करू शकता का तसं?

---

जुना_पिंपळ

प्रोटेस्टंट मंडळ्यांत मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत, कारण...

---

निळी_छत्री

काका, प्लीज, त्यावर वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देईन. इथे नको.

---

जुना_पिंपळ

बरं. एवढंच लिहितो मग. मृतांसाठी मागत नसलो तरी त्यांच्याबद्दल आभार मानायला आमच्याकडेही कुणाची ना नाही. ओली_माती ताई, आजोबा गेले म्हणून प्रार्थनेतून त्यांचं नाव एकदम बंद झालं असेल तर मुलाला ते कळतं. तुम्ही घेत जा नाव. त्याने घ्यायलाच हवं असं नाही.

---

ओली_माती

हो, बंदच झालंय नाव. लक्षातच आलं नव्हतं माझ्या. सगळ्यांना थँक्यू, आज त्याच्या बाबांशी बोलते आधी.